हवा मोजायची नोकरी

माझ्या घरच्यांना माझी नोकरी शेवटपर्यंत नीट कळली नाही. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मलाही कळली नव्हती.

आमचं घर अकोल्याचं, मोर्णा नदीच्या काठी. वडील मेथी, वांगी आणि झेंडू लावायचे. देवळात मोडी शिकवणारे एक पंतोजी होते, त्यांच्याकडे मी चार वर्षं बसलो आणि त्या अक्षरांच्या जोरावर कचेरीत कागदांच्या नकला उतरवायला लागलो. ती कापसाच्या तेजीची वर्षं होती. अमेरिकेत लढाई चालली आहे आणि म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आहे, असं लोक सांगत. अमेरिका कुठे आहे हे सांगणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. अमरावतीत माणसं दाटीवाटीने येऊन पडली होती. गाडीवान, हमाल, गठ्ठे बांधणारे, सरकी काढणाऱ्या बाया. ज्याच्याकडे छप्पर होतं त्याने त्याखाली माणसं ठेवली, नाहीतर कापूस ठेवला, आणि पुष्कळांनी दोन्ही एकत्र ठेवलं. मग सरकारने शहराच्या स्वच्छतेसाठी एक कमिटी नेमली, आणि मला अकोल्याहून अमरावतीला पाठवलं. कागदावर माझा हुद्दा होता सफाई दरोगा.

वडिलांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "मंजे झाडू मारा लागंल तुले?"

"नाही. झाडलं आहे का ते पाहायचं."

"ते त तुही माय बी पायते," ते म्हणाले.

माझ्या बायकोचं माहेर भातकुलीचं. तिने तिकडे निरोप धाडला की जावई अमरावतीला मोठ्या कचेरीत आहेत. कसल्या कचेरीत, ते कळवलं नाही.

आमचे वरिष्ठ म्हणजे एक गोरे डॉक्टर. उंच, उन्हाने मान भाजलेली, हिंदुस्तानी बरी बोलायचे. त्यांनी मला एका दिवसात काम शिकवलं. हातात एक खुणा केलेली काठी दिली आणि कचेरीतल्याच एका खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजायला लावली. मग तिन्हींचा गुणाकार करायला सांगितला. आलेला आकडा म्हणजे त्या खोलीतली हवा. एका माणसाला एवढी हवा लागते असं त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. त्या आकड्याने भागायचं. उत्तर येईल तेवढीच माणसं त्या खोलीत राहू शकतात किंवा काम करू शकतात.

मी विचारलं, "साहेब, लहान मूल?"

"दो बच्चे, एक आदमी."

"आणि गाय बांधलेली असली तर?"

 ते म्हणाले की गाय बाहेर बांधायला सांगायचं. मग त्यांनी समजावलं की रोग वाईट हवेतून येतो. कोंडलेली हवा कुजते, नालीची हवा कुजते, आणि तीच माणसाच्या अंगात शिरते. मी मान हलवली. पाणी कुजतं, भाजी कुजते हे मी वडिलांच्या मळ्यात पाहिलं होतं. हवा कुजलेली कशी ओळखायची, ते विचारायचं राहून गेलं.

पहिल्या आठवड्यात मी ज्या घरात जाई तिथे माणसंच नसत. घरावर कर बसणार असं लोकांना वाटलं होतं, म्हणून मी गल्लीत शिरलो की अर्धी माणसं मागच्या दाराने निघून जात. मी दारोदार सांगितलं की कर नाही, फक्त किती जण राहतात ते पाहायचं आहे. मग पुढच्या आठवड्यात माणसं वाढली. एका खोलीत मला बावीस जण बसलेले आढळले. कोणीतरी उठवलं होतं की सरकार माणशी धान्य वाटणार आहे. मी दोन्ही आकडे साहेबांना दाखवले. त्यांनी दोन्हींची बेरीज करून निम्मं केलं.

अशातच मी रेचेवालीच्या छपराशी पोचलो.

रेचा म्हणजे दोन लाटण्यांचं लाकडी यंत्र. एक बाई दांडा फिरवते, दुसरी कापूस भरवते. पलीकडून रुई निघते आणि सरकी अलीकडे पायाशी पडते. परकोटाच्या, म्हणजे शहराच्या तटाच्या, आतल्या एका गल्लीत या बाईने लांबच लांब छपरी घेतली होती आणि आठ रेचे मांडले होते. बाई पन्नाशीची, विधवा, अंगाने थोराड. तिचा आवाज बसका होता. सगळी वर्षं रुईत गेल्यामुळे असेल. छपरीला एकच दार होतं आणि त्यालाही गोणपाटाचा पडदा. आत शिरलो तर काही दिसेना. धुकं असावं तशी रुईची कुसं हवेत तरंगत होती. बायांच्या भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या. आठ रेचे, सोळा बाया. एका कोपऱ्यात झोळी बांधलेली होती आणि तिच्यात आठ-नऊ महिन्यांची मुलगी झोपली होती. तिची आई मूर्तिजापूरकडची, विशीतली. ती एका हाताने दांडा फिरवायची आणि पायाने झोळीची दोरी ओढायची. मधूनमधून तिला खोकल्याची उबळ यायची. तेव्हा दोन्ही थांबत.

मी काठी काढली आणि मोजलं. गुणाकार, भागाकार केला.

"मावशी, या छपरीत सात जणींपुरती हवा आहे," मी म्हणालो. "तुम्ही सोळा आहात. वर तुम्ही स्वतः आणि ते लेकरू."

तिने माझ्या काठीकडे पाहिलं. "मंग दहा जनीईले काय सांगू, श्वास नोका घेऊ म्हनू?"

"भिंतीत खिडक्या पाडा. चार. म्हणजे हवा येईल."

"हवा येईन, अन रुई जाईन. तुमी कदी रुई पायली हाये का दरोगाभाऊ? फुंकर मारली तं उडते."

मला तिचं म्हणणं पटलं. मी तसंच जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चार खिडक्यांचा हुकूम लिहून दिला. मी तो छपरीच्या भिंतीवर डकवला आणि तिला वाचून दाखवला.

तिने खिडक्या पाडल्या. माघ संपत आला होता. दोन खिडक्या गल्लीकडे, दोन मागच्या बाजूला. चार दिवसांनी मी गेलो तेव्हा खरोखर नवल वाटलं. आतल्या बायांचे चेहरे दिसत होते. मूर्तिजापूरची ती पोर मला म्हणाली, "भाऊ, आता माया खोकला कमी झाला." रेचेवालीने काही मान्य केलं नाही, पण तिने स्वतःची बसायची जागा खिडकीखाली केली होती. त्या दिवशी घरी जाताना मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या नोकरीचा अर्थ आपल्याला लागला.

फाल्गुनात वारा सुटला. गल्लीत सगळीकडे रुई. छपरीच्या समोर हलवाई होता. त्याच्या खव्यात रुई, दुधात रुई. गल्लीच्या मध्यावर एक विहीर होती, तिच्यातून सगळी आळी पाणी भरायची. त्या पाण्यावर सायीसारखा थर आला. हलवाई चार जण घेऊन कचेरीत गेला. तक्रार रास्त होती. साहेब स्वतः आले, विहिरीत वाकून पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाले, "ये पानी खराब है." विहिरीवर फळ्या ठोकून त्यावर लाखेची मोहर लावायचा हुकूम झाला. दुसरा हुकूम रेचेवालीला: रुई गल्लीत जाऊ देऊ नये.

मी विचारलं, "साहेब, मग खिडक्या बंद करायच्या का?"

"नहीं. हवा चाहिए."

हा दुसरा कागद मी पहिल्याच्या शेजारी डकवला. रेचेवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी दोन्ही वाचून दाखवले. एकात लिहिलं होतं, हवा मोकळी येऊ जाऊ द्यावी. दुसऱ्यात लिहिलं होतं, हवेबरोबर काही बाहेर जाऊ देऊ नये.

"यातला कोनता पाळू?" तिने विचारलं. चेष्टा नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"दोन्ही," मी म्हणालो.

तिने खिडक्यांना ओलं गोणपाट लावलं. दिवसातून तीनदा त्यावर पाणी मारायचं. ते पाणी आता लांबून आणावं लागे, कारण आळीची विहीर बंद. आळीतले सगळेच आता वेशीजवळच्या विहिरीवर जायला लागले. त्या विहिरीची पाहणी मीच केली होती. पाणी नितळ, तळाचा दगड दिसायचा. पाच-सहा हातांवरून नाली जात होती, तेही मी पाहिलं होतं. पण नालीला त्या दिवशी वास नव्हता आणि मला वाईट हवाच शोधायला सांगितलं होतं. मी वहीत त्या विहिरीपुढे लिहिलं, ठीक.

वैशाखात पटकी आली.

अमरावतीत ती याआधीही आली होती. गाडीतळावर दरवर्षी एखाद-दुसरं माणूस जायचंच. या खेपेला ती आमच्या आळीत आली. आधी हलवायाचा भाऊ सकाळी उलट्या करू लागला आणि दिवस मावळायच्या आत गेला. मग छपरीतल्या पाच बाया पडल्या. चार उठल्या. मूर्तिजापूरची पोर उठली नाही.

मी गेलो तेव्हा तिला नेलेलं होतं. रेचे बंद होते. रेचेवाली तिच्या तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन, बोट पाण्यात बुडवून तिच्या ओठांना लावत होती. तिच्या सांगण्यावरून दोन बाया खिडक्या लिंपत होत्या. माती आणि तुराट्या. तीन खिडक्या बुजल्या होत्या, चौथी अर्धी झाली होती.

"मावशी, हे काय करून राहिल्या?" मी म्हणालो. मी सहसा कचेरीची भाषा बोलायचो, त्या दिवशी तोंडातून घरची निघाली.

तिने वर पाहिलं. "तुमचा सायेब काय म्हनते? रोग कायच्यानं येते?"

"वाईट हवेनं."

"मंग ते हवा आत काहून आनली आमी?"

 मला जे शिकवलं होतं त्याच वाटेने ती चालली होती आणि माझ्या आधी टोकाला पोचली होती. चौथी खिडकी माझ्या देखत लिंपून झाली. मी हुकूम मोडल्याची नोंद केली नाही.

घरी आलो तर बायको पाणी गाळत होती. आमचं बिऱ्हाड दुसऱ्या पेठेत, तिथे अजून काही नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या आळीत असं हाये का कोनी? ज्याच्या घरी कोनी पडलंच नाई?"

दुसऱ्या दिवशी मी काठी घरी ठेवली आणि आळीत घरोघर तेवढंच विचारत फिरलो. एक घर सापडलं. छपरीच्या अगदी मागे एका तेल्याचं घर, नऊ माणसं. माझ्या हिशोबाने तिथे हवा चौघांपुरती होती. खिडकी एकही नाही. एकाचंही पोट बिघडलेलं नव्हतं. तेल्याच्या मागच्या अंगणात त्याची स्वतःची विहीर होती आणि तो ती कोणाला भरू देत नसे. पुढे एक पिंजारी, त्याच्याकडे सगळे आजारी. पाणी वेशीजवळच्या विहिरीचं. हलवाई, तिथलंच. छपरी, तिथलंच.

मी वही घेऊन साहेबांकडे गेलो. मी काय म्हणतो आहे ते मलाच धड कळत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं. मग वही मागितली, पानं उलटली आणि वेशीजवळच्या विहिरीपुढचं माझं अक्षर बोटाने दाखवलं. "तुमने लिखा, ठीक."

"हो साहेब."

त्यांनी शिपायाकडून त्या विहिरीचं पाणी बाटलीत आणवलं आणि उजेडात धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाणी काचेसारखं होतं. बाटली टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसले. मला वाटलं आता रागावतील. पण ते थकल्यासारखे म्हणाले की विलायतेतही डॉक्टर याच गोष्टीवर भांडत आहेत. काही म्हणतात हवा, काही म्हणतात पाणी. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. "हम को मालूम नहीं," ते म्हणाले.

सरकारी माणूस असं म्हणू शकतो हे मला माहीत नव्हतं. मला त्यांचा आधार वाटायचा, तो त्या क्षणी गेला आणि त्याच क्षणी मला ते पहिल्यांदा आवडले.

त्यांनी दोन्ही विहिरींचे हुकूम उलटे करून दिले. वेशीजवळची बंद, आळीतली उघडायची. मी दोन भिश्ती घेऊन तीन दिवस त्या विहिरीतली रुई काढली. वरचा थर गेल्यावर खालचं पाणी चांगलं निघालं. आता ते प्यायला कोणी तयार होईना. हलवाई म्हणाला, "ज्या पान्यावर सरकारनं मोहर लावली ते आमी काहून प्याव?" त्याचं म्हणणं चूक कसं म्हणणार? मी कठड्यावर उभा राहून सगळ्यांसमोर ओंजळभर प्यायलो. लोकांनी पाहिलं आणि घरी गेले. पुढचे दोन दिवस मी त्यांना धडधाकट दिसतो की नाही हे पाहायला आळीतली माणसं मुद्दाम माझ्या वाटेवर उभी राहत. तिसऱ्या दिवशी रेचेवालीने घागर आणली.

मृगाआधीच रोग ओसरला. विहीर बदलली म्हणून, की निम्मी आळी गावी निघून गेली म्हणून, की त्याला जायचंच होतं म्हणून, ते मला सांगता येणार नाही. साहेबांनी वर अहवाल धाडला. त्याची मराठी नक्कल मीच उतरवली. त्यात खिडक्यांबद्दल एक वाक्य होतं आणि पाण्याबद्दल एक, आणि दोन्ही वाक्यांत "असावे" होतं.

पावसाळ्यात रेचे पुन्हा थोडे फिरले. रेचेवालीने मागच्या दोन खिडक्या फोडून उघडल्या, गल्लीकडच्या बुजलेल्याच ठेवल्या. मी न मोजता तेवढं मान्य केलं. पुढे लढाई संपल्याची बातमी आली, कापूस उतरला, बाया एकेक करून आपापल्या गावी गेल्या आणि रेचेवालीही भावाकडे अकोटला गेली. पण ते नंतरचं.

श्रावणात मूर्तिजापूरच्या पोरीचा नवरा आला. त्याला निरोप उशिरा पोचला होता आणि निरोपानंतर पेरणी अर्धी टाकून निघणं जमलं नव्हतं. पंचविशीचा, काळा, कमी बोलणारा. मी त्या दिवशी योगायोगाने छपरीत होतो. रेचेवालीने मुलगी त्याच्या हातात दिली. मुलगी त्याला ओळखत नव्हती. ती रडून रेचेवालीकडे हात करू लागली, तेव्हा रेचेवाली उठून उगाचच सरकीचा ढीग सारखा करायला गेली.

तो माझ्याकडे वळला. कोणीतरी सांगितलं असावं की हा सरकारी माणूस आहे. "मायी बायको कायनं गेली?"

"पटकीनं," मी म्हणालो.

"ते मले ठाव हाये. कायनं?"

मी त्याला खिडक्यांचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, माझ्या वहीतल्या त्या एका शब्दाचंही सांगितलं. साहेबांना न सांगितलेलं एक मनातलंही बोललो, की मी लिहिण्याआधी ती नाली विहिरीत झिरपते का हे पाहिलं असतं तर कदाचित वेगळं लिहिलं असतं. तो ऐकत होता. मला वाटलं तो मारेल, आणि मारलं असतं तर मी अडवलं नसतं.

"मंजे तुमाले बी ठाव नाई," तो अखेरीस म्हणाला.

"नाही."

त्याने मान हलवली, मुलीला खांद्यावर घेतलं. रेचेवालीने झोळीचं धडपं घडी करून त्याच्या पिशवीत कोंबलं आणि तिला काय भरवायचं, किती पातळ करायचं, ते दोनदा सांगितलं. बाहेर मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एका रिकाम्या गाडीत तो बसला. गाडी परकोटाच्या वेशीतून बाहेर पडेपर्यंत मी पाहत होतो. मग वही उघडली. त्या गल्लीत अजून अकरा घरं पाहायची बाकी होती.